चहाची गाळणी कुणी नेली?

पशुसंवर्धनाच्या पदविकेला प्रवेश मिळाला तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगी आता इंजेक्शनं देणार. इंजेक्शन राहिलं बाजूला. आधी सूक्ष्मजीवशास्त्र आणि परजीवीशास्त्र असे दोन जाडजूड विषय पुढ्यात आले, आणि त्यातला दुसरा तर सरळ शेणातच मुक्कामाला होता. प्रात्यक्षिक वहीत जंतांच्या अंड्यांच्या आकृत्या काढायच्या, त्याही पुस्तकातून उतरवून नाही, तर स्वतः गोळा केलेल्या नमुन्यातून. सरांनी एवढं बजावलं होतं, की जमिनीवरचं शेण उचलून आणायचं नाही. मातीत आपलं आपलं जगणारे कितीतरी बारीक कृमी असतात, ते शेणात शिरतात आणि जनावराच्या नावावर खपतात. शिवाय शेण उन्हाळ्यात पडून राहिलं तर अंडी फुटून आतल्या अळ्या बाहेर येतात. म्हणजे नमुना हवा ताजा, थेट मालकिणीकडून.

मालकीण म्हणजे आप्पांची म्हैस.

‘‘आप्पा, म्हशीचं जरा शेण पाहिजे होतं.’’

‘‘जरा कशाला? पाटी भरून ने की. गोवऱ्या लावायच्यात का?’’

‘‘नाही, बाटलीत पाहिजे. तपासायला.’’

आप्पांनी बाटली हातात घेऊन फिरवून बघितली. खोकल्याच्या औषधाची होती. ‘‘एवढ्याशा तोंडातनं जायचं कसं?’’ त्यांनी विचारलं. आजवर मला कुणी विचारलेला हा सगळ्यात शास्त्रशुद्ध प्रश्न. मी घरी जाऊन रुंद तोंडाची बरणी आणली.

म्हैस हा प्राणी मुळात सहकारी वृत्तीचा नाही. दिवसभर गोठा भरून टाकणारी ही बाई, बरणी धरून मागं उभं राहिलं की रवंथ करत तत्त्वचिंतनात बुडते. बरणी खाली ठेवून पदर खोचायला वाकावं, तेवढ्यात कार्यभाग उरकते, तोही थेट जमिनीवर. शेवटी हातमोजा चढवला आणि पुस्तकात ‘गुदाशयातून नमुना घेणे’ या तीन शब्दांत जे उरकलंय ते केलं. गोठ्याच्या दाराशी जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. म्हशीनं फक्त शेपूट मारलं. ते ओलं होतं.

कॉलेज दुसऱ्या दिवशी. तोवर नमुना थंड ठेवायचा. आईनं बरणी फ्रिजमध्ये बघितली तेव्हा तिला आधी लोणचं वाटलं, मग झाकण उघडलं. त्यानंतरचा संवाद इथं देत नाही. बरणीवर जनावर, मालक आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी होती, पण चिठ्ठ्या आधी वाचतं कोण!

खरी लढाई मात्र गाळणीवरून झाली. जंतांची अंडी शोधायची सोपी पद्धत म्हणजे तरंगवण्याची. पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घालायचं, त्या खारवणीत शेण कालवायचं आणि गाळायचं. गाळायला काय वापरायचं? चहाची गाळणी. हे मी मनानं सांगत नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत हेच चालतं. गाळलेलं द्रावण नळीत काठोकाठ भरून वर काचेची पातळ चकती ठेवायची आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. गोलकृमी आणि पट्टकृमींची अंडी हलकी, ती वर येऊन चकतीला चिकटतात. मी सरावासाठी वेगळी गाळणी विकत आणली होती, तिला लाल दोराही बांधला होता. तरी आमच्या घरी आजही पाहुणा चहाला बसला, की आधी स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘‘गाळणी कुठली घेतलीस?’’ आणि पाहुण्याला दूध चालतं असं निघतं.

सूक्ष्मदर्शकात पहिल्यांदा एक सुरेख गोल दिसतो. भोवती जाड काळी कड, आत स्वच्छ. सगळा वर्ग मान मोडेस्तोवर वाकून ते रेखाटतो, रंगवतो, नाव काय द्यायचं यावर भांडतो. सर येऊन डोळा लावतात आणि सांगतात, ‘‘हा हवेचा बुडबुडा आहे.’’ त्याच्या पाठोपाठ येतात परागकण, गवताची कुसळं आणि ज्याची उकल कुणालाच होत नाही असं काहीतरी हिरवं.

आप्पांच्या म्हशीच्या नमुन्यात तरंगून काहीच आलं नाही. मी खूश. पण पर्णकृमी नावाच्या चपट्या कृमींची अंडी जड असतात, खारवणीत ती वर येतच नाहीत. त्यांच्यासाठी साधं पाणी घालून गाळ खाली बसवायचा, वरचं पाणी ओतायचं, पुन्हा घालायचं, पुन्हा ओतायचं. मग गाळात मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब. यकृतातल्या पर्णकृमीचं अंडं पित्तानं पिवळसर होतं, पोटातल्या ॲम्फिस्टोम या पर्णकृमीचं पारदर्शक राहतं, आणि दोघांच्याही एका टोकाला झाकण असतं. सात-आठ अंडी मिळून मिलिमीटरभर! मला दिसली ती पारदर्शक होती, झाकणासकट. मी किंचाळले. प्रयोगशाळेत शेणात अंडं दिसलं म्हणून आनंदानं किंचाळणारी मुलगी, हे स्थळं बघायला निघालेल्या मावशीला कुणी कळवू नका.

सूक्ष्मजीवशास्त्रानं निदान नाकाला सुट्टी दिली, पण बोटांची वाट लावली. हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश गृहस्थानं १८८४ साली जिवाणू रंगवण्याची रीत छापून आणली, तेव्हापासून विद्यार्थ्यांची बोटं जांभळी आहेत. क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग अल्कोहोलनं धुवायचं, मग सॅफ्रानिन. जांभळा राहिला तो ग्राम-पॉझिटिव्ह, गुलाबी झाला तो निगेटिव्ह. अल्कोहोल जरा जास्त वेळ राहिलं की पॉझिटिव्हसुद्धा पक्ष बदलतात. एसटीत कंडक्टरनं माझं बोट बघून विचारलं, ‘‘मतदान कुठं झालं हो?’’

तोंडी परीक्षेत मात्र एक प्रश्न फार आवडला : काळपुळीनं (अँथ्रॅक्सनं) मेलेल्या जनावराचं शवविच्छेदन कसं कराल? उत्तर : करणार नाही. कातडं उघडलं, हवा लागली, की तो जिवाणू बीजाणू, म्हणजे स्वतःचं टणक कवचातलं रूप, बनवतो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतो. काहीही न करण्याला पूर्ण गुण देणारा दुसरा विषय मला ठाऊक नाही.

आप्पांना निकाल सांगायला गेले तर ते उखडलेच. ‘‘आमच्या म्हशीच्या पोटात जंत? पांढरं औषध पाजलंय की मागं.’’ मी समजावलं, ते औषध या जातीवर चालत नाही, दुसरं लागेल, ते डॉक्टर लिहून देतील. हे जंत पाण्यातल्या गोगलगायीत वाढतात, मग पाण्याकडेच्या गवताला चिकटतात, आणि म्हैस कॅनॉलच्या कडेचं गवत खाते तेव्हा पोटात जातात.

आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग आवाज उतरवून म्हणाले, ‘‘पलीकडच्या वाड्यातल्या म्हशीपण त्याच कॅनॉलला जात्यात की.’’

‘‘हो, मग त्यांच्यातही असतील.’’

‘‘मग त्यांचं पण तपास. बरणी मी देतो. आणि किती निघालं ते आधी मला सांग.’’