"सात दिवसांत टॅटू-पिअर्सिंग बरं" हा मेसेज पुढे पाठवू नका, का ते सांगते

नवीन टॅटू आणि पिअर्सिंग सात दिवसांत बरं करायचे नियम म्हणून एक मेसेज सगळीकडे फिरतोय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दिवसातून तीनदा स्पिरिट नाहीतर हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसा, दागिना रोज गोल फिरवा म्हणजे चिकटणार नाही, टॅटू एकदम कोरडा ठेवा आणि खपली धरली की काढून टाका, वरून अँटिबायोटिक मलमाचा जाड थर द्या, मिठाच्या पाण्याने धुवा नाहीतर सरळ समुद्रात डुंबून या, पू दिसला की दागिना ताबडतोब काढा, आणि सात दिवस झाले की हवा तो दागिना घाला. शिवाय, जितकं जास्त झोंबेल तितकं औषध लागू पडतंय म्हणे.

यातलं जवळजवळ सगळं चुकीचं आहे, आणि काही भाग तर कानाचा आकार कायमचा बिघडवू शकतो, म्हणून एवढं लिहितेय. टॅटू काय आणि पिअर्सिंग काय, दोन्ही जखमा आहेत आणि जखम शरीर स्वतः भरून आणतं. आपण तिला स्वच्छ ठेवायचं, तिच्या आड यायचं नाही आणि वाट बघायची, बस.

आता झोंबण्याचंच घ्या. स्पिरिट आणि पेरॉक्साइड जंतू मारतात हे खरं, पण ते जंतू आणि तुमच्या नव्या पेशी यांच्यात फरक करत नाहीत, जखम भरायला ज्या पेशी पुढे सरकत असतात त्यांनाही तीच इजा होते, आणि झोंबतंय म्हणजे औषध लागू पडतंय असं अजिबात नाही. पेरॉक्साइड लावल्यावर फेस येतो तो बघून लोकांना वाटतं घाण निघतेय. तसं काही नसतं, आपल्या रक्तात आणि पेशींमध्ये कॅटॅलेज नावाचं एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइड फोडून त्यातून ऑक्सिजन मोकळा करतं, त्याचा तो फेस. एकदम स्वच्छ जखमेवर टाकलं तरी येईल. टी ट्री ऑइलनेही त्वचेला त्रास होऊ शकतो, ताज्या भोकावर ते नकोच.

दागिना फिरवण्याबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण हा सल्ला सगळ्यात जास्त मुरलेला आहे, काही डॉक्टरही अजून कानाच्या पाळीसाठी तो देतात. पण रोज पिअर्सिंगचंच काम करणाऱ्यांची जी संघटना आहे, १९९४ पासूनची असोसिएशन ऑफ प्रोफेशनल पिअर्सर्स, ती स्पष्ट सांगते की फिरवू नका, आणि मला त्यांचं पटतं. आत काय चाललेलं असतं ते बघा ना. दांडीभोवती त्वचेची एक नळी तयार व्हायची असते आणि ती बोगदा दोन्ही तोंडांकडून खणत आणावा तशी बाहेरून आत वाढत जाते, त्यामुळे बाहेरून भोक छान दिसायला लागलं तरी मधला भाग बरेच दिवस कच्चाच असतो. दरम्यान जखमेतून पांढरट-पिवळसर लस येते, ती येणारच, तो पू नाही, आणि ती दांडीवर सुकून कडक होते. आता दागिना फिरवला की तो सुकलेला थर आत ओढला जातो आणि कालपर्यंत तयार झालेली नाजूक त्वचा खरवडून निघते, बोटांवरचे जंतू आत जातात ते वेगळेच. आणि चिकटण्याची जी भीती घालतात ती या सुकलेल्या लसीमुळे, त्वचा काही धातूला चिकटून वाढत नाही. सलाईनने किंवा अंघोळीच्या कोमट पाण्याने ती मऊ होऊ द्या, स्वच्छ गॉझने अलगद टिपा, नाही निघाली तर राहू द्या.

बरेचदा भोकाशेजारी एक छोटा लाल फुगवटा येतो आणि लोक केलॉइड केलॉइड म्हणून घाबरतात. केलॉइड म्हणजे वाढत जाणारा जाड वण, तो मूळ जखमेच्या हद्दीबाहेर पसरत जातो आणि सहसा काही महिन्यांनी दिसायला लागतं. हा फुगवटा मात्र बहुतेक वेळा सततच्या छेडछाडीचा असतो: फिरवणं, त्या कुशीवर झोपणं, केस अडकणं, नाहीतर सूज ओसरली तरी सुरुवातीची लांब दांडी तशीच ठेवणं. ती लांब दांडी सुजेला जागा म्हणून घातलेली असते, सूज गेली की पिअर्सरकडून आखूड करून घ्यायची असते, हे कितीतरी जणांना कोणी सांगतच नाही. धातूचंही बघा, नुसतं सर्जिकल स्टील लिहिलंय म्हणून निकेल नाही असं होत नाही, निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर इम्प्लांट ग्रेड म्हणजे शरीरात बसवण्याच्या दर्जाचं टायटॅनियम मागा.

मग टॅटू कोरडा ठेवून खपली काढायची. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवलं की फिल्मखाली ओलसर राहिलेली जखम, उघडी ठेवून खपली धरलेल्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगाने नव्या त्वचेने झाकली जाते. साठ वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही आणि आपण अजून खपलीच्या मागे लागतो. ओलसर म्हणजे चिंब नाही पण. बिनवासाच्या साबणाने हलक्या हाताने धुवायचं, घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं आणि बिनवासाच्या मॉइश्चरायझरचा अगदी पातळ थर. स्टुडिओने पारदर्शक मेडिकल फिल्म लावून दिली असेल तर सांगितले तितके दिवस ठेवा, कडा सुटून पाणी आतबाहेर व्हायला लागलं की काढा, पण स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म घरी परत परत गुंडाळत बसू नका, आत घाम आणि लस कोंडते.

काही दिवसांनी रंगीत पापुद्रे निघायला लागतात तेव्हा लोक घाबरतात की शाई चालली. तो वरच्या त्वचेतला रंग असतो, तो जाणारच होता. टॅटू राहतो तो खाली, साधारण एक-दोन मिलिमीटर खोल, डर्मिस म्हणजे त्वचेच्या आतल्या थरात, आणि तिथे शाईचे कण मॅक्रोफेज नावाच्या पेशी गिळून बसतात. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं की या पेशी मरतात, शाई सोडतात आणि नव्या पेशी तीच शाई परत गिळतात, म्हणून टॅटू टिकतो. मला हे फार सुंदर वाटतं. तर आपोआप गळणारा पापुद्रा गळू द्या, पण चिकटून बसलेली जाड खपली ओढलीत तर खालची ओली जखम उघडी पडते, तिथे फिका डाग किंवा वण राहू शकतो. खाज सुटेल, नखं लावू नका, तळहाताने हलकं दाबा.

अँटिबायोटिक मलमाचा जाड थर दिला की भोक बंद होऊन आत ओल कोंडते, आणि अशा काही मलमांत असणाऱ्या निओमायसिन या अँटिबायोटिकची अ‍ॅलर्जी इतकी आढळते की अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१० साली त्याला वर्षाचा अ‍ॅलर्जन ठरवलं होतं. पुरळ येतं, माणूस त्याला इन्फेक्शन समजतो आणि आणखी मलम लावतो. डॉक्टरने दिलं तर लावा, स्वतःहून नको.

मिठाचं पाणी, कल्पना बरोबर आहे पण प्रमाण चुकतं, लागतं ०.९ टक्के म्हणजे लिटरला ९ ग्रॅम, आणि घरी सगळे अंदाजाने जास्तच टाकतात मग त्वचा सुकून तडकते. जखमेसाठीचं तयार निर्जंतुक सलाईन घ्या, कॉन्टॅक्ट लेन्सचं सोल्यूशन नव्हे.

आणि समुद्र! मिठाचं पाणी म्हणून समुद्रात जा म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. २०१७ मध्ये बीएमजे केस रिपोर्ट्स या वैद्यकीय नियतकालिकात एका ३१ वर्षांच्या माणसाची केस छापून आली, टॅटू काढून पाच दिवस झाले होते, तो मेक्सिकोच्या आखातात पोहला, व्हिब्रिओ व्हल्निफिकस या जंतूचा संसर्ग झाला आणि शेवटी तो गेला. त्याला आधीपासून लिव्हरचा आजार होता, म्हणजे प्रत्येकाचं असं होईल असं अजिबात नाही, पण उघडी जखम घेऊन समुद्र, तळं, स्विमिंग पूल, हॉट टब काहीच नको. शॉवर चालतो.

सात दिवसांचं तर सोडूनच द्या. टॅटूची वरची त्वचा भरायलाच दोन ते चार आठवडे जातात, आतलं त्याहून जास्त. तोवर ऊन लागू न देता सैल कपड्याने झाका, सनस्क्रीन पूर्ण भरल्यावर. कानाची पाळी सहा ते आठ आठवडे, नाकपुडी चार ते सहा महिने, कानाचा वरचा कडक भाग सहा महिने ते वर्षभर, बेंबीलाही तितकाच वेळ लागू शकतो. सातव्या दिवशी दागिना बदलणं म्हणजे कच्ची जखम पुन्हा फाडणं.

आता सगळ्यात धोक्याचं वाक्य, पू दिसला की दागिना काढा. भोकाची तोंडं पटकन मिटतात, पू आत अडकतो आणि गळू होऊ शकतं. म्हणून डॉक्टरने काढायला सांगेपर्यंत दागिना आत राहू द्या आणि लगेच दाखवा. कानाच्या वरच्या भागाला तर एक दिवसही थांबू नका, कारण तिथल्या कूर्चेला, म्हणजे कानाच्या त्या कडक भागाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ आवरणातून तिला पोषण मिळतं, मध्ये पू साचून ते आवरण सुटलं की कूर्चा मरते आणि कान कायमचा वेडावाकडा होतो. असं करणारा नेहमीचा जंतू म्हणजे स्यूडोमोनास, त्याच्यावर दुकानातून आणलेली साधी मलमं चालत नाहीत. २००० साली अमेरिकेच्या ओरेगनमध्ये एकाच ठिकाणी कान टोचलेल्या बऱ्याच जणांना तो झाला, काहींना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं, आणि शोध घेतला तर जंतू सापडला जंतुनाशकाच्याच स्प्रेच्या बाटलीत.

थोडी लाली, थोडी सूज, लस, पहिले काही दिवस हे चालतं. लाली रोज पसरतेय, भाग गरम लागतोय, ठणका वाढतोय, हिरवट किंवा घाण वासाचा पू, ताप, जखमेपासून निघालेली लाल रेघ, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टर. आणि टॅटूत काही आठवडे उलटल्यावर एकाच रंगाच्या जागी लाल पुळ्या आल्या तरीही, तुम्ही कितीही नीट काळजी घेतली असली तरी. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये असंच झालं होतं, तयार मिळणाऱ्या करड्या शाईतच मायकोबॅक्टेरियम चेलोनी होता. हा जंतू नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही, म्हणून डॉक्टरकडे जाल तेव्हा टॅटू कधी काढला आणि पुळ्या कुठल्या रंगावर आल्यात ते आपणहून सांगा, आणि शक्य असेल तर स्टुडिओकडून शाईचं नाव आणि बॅच नंबर घेऊन जा.