काकूची साखर 52 वर नेणारा मेसेज

मंगळवारी सकाळी साडेअकराला काकू ओट्यापाशीच मटकन खाली बसली. अंग घामाने डबडबलेलं, हात थरथरतायत, ग्लुकोमीटरवर आकडा 52. साखरपाणी दिलं, दहा-पंधरा मिनिटांत बोलायला लागली, आणि पहिलं वाक्य काय तर, "अरे, सोळा तास व्हायला दीडच तास उरला होता."

हे सोळा तासांचं खूळ भजनी मंडळाच्या ग्रुपवरून आलेलं. मेसेज थोडक्यात असा: सोळा तास उपाशी राहा, लिव्हर आपल्यातली विषं आणि कॅन्सरच्या पेशी खाऊन टाकतं. याच शोधाला 2016 चं नोबेल. पूर्वजांना एकादशीमुळे हे ठाऊकच होतं. मधे फक्त लिंबू-मधाचं पाणी. डायबिटीसच्या गोळ्याही सुटतात.

सगळा रुबाब नोबेलचा, म्हणून ते आधी. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना 2016 साली ते मिळालं, खरं आहे. काम मात्र यीस्टवरचं. उपाशी यीस्ट स्वतःचेच भाग पिशवीत भरून पचवतं, त्याला कोणती जनुकं लागतात हे त्यांनी शोधलं. माणसाने किती तास जेवू नये, याबद्दल नाही.

लिव्हरमधल्या या पचवापचवीचा पुरावा त्याहून जुना आहे आणि मेसेजवाल्याच्या तो गावीही नाही. 1967 साली पेशीशास्त्रज्ञ ख्रिस्तियान द दूव आणि सहकाऱ्यांनी उंदरांना ग्लुकागॉन टोचलं. साखर उतरली की स्वादुपिंड सोडतं ते हे संप्रेरक. तासाभराच्या आत लिव्हरच्या पेशींत या पिशव्या वाढलेल्या दिसल्या. म्हणजे पेशी घड्याळ बघत नाही, निरोप बघते. ग्लुकागॉन चढलं, इन्सुलिन आणि अमिनो आम्लं उतरली की एमटॉर नावाचं प्रथिन गप्प होतं आणि पेशी स्वतःची प्रथिनं जास्त मोडते. जेवलात की इन्सुलिन चढतं, एमटॉर जागं होतं, मोडतोड मंदावते. बटण दाबल्यासारखं सोळाव्या तासाला काही सुरू होत नाही.

आता काकूचं बघा. ती डायबिटीससाठी ग्लिमेपिराइड घेते. ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते. त्या दिवशी सकाळी गोळी घेतली आणि नाश्ता टाळला. साखर तर कोसळलीच, वर जे इन्सुलिन वाढलं तोच या मोडतोडीला 'थांब' सांगणारा निरोप. ज्यासाठी उपास केला, त्याच्याच वाटेत गोळी आडवी. आणि मेसेज म्हणतो गोळ्या सुटतात!

लिंबू-मधाचं पाणी? मध म्हणजे साखरच, पुन्हा इन्सुलिन. एकादशीचंही तेच. साबुदाण्याची खिचडी, वर रताळ्याचा कीस. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे पूर्वजांनीच म्हणून ठेवलंय.

विषं पिशवीत जात नाहीत. पिशवीत जातात आपलीच प्रथिनं, जुनी मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं. दारू किंवा पॅरासिटामॉलचा निकाल लिव्हरची एन्झाइम्स लावतात, पोट भरलेलं असलं तरी. खराब प्रथिनांवर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाचा शिक्का मारून ती प्रोटिअसोम या पेशीतल्या यंत्रात तोडण्याची दुसरी सोयही अष्टौप्रहर चालू असते. तिच्यासाठीही 2004 चं रसायनशास्त्राचं नोबेल आहे, पण त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही, मग फॉरवर्ड कोण करणार! कॅन्सरचं तर उलटंही होतं, वाढलेली गाठ याच पचवापचवीवर तगू शकते.

एवढं मान्य करतो की फॅटी लिव्हर असलेल्या स्थूल माणसाचं वजन 7 ते 10 टक्के उतरलं तर लिव्हरवरची चरबी आणि सूज कमी होते. उपासाने वजन उतरत असेल तर फायदा आहे, पण तो वजनाचा.

घरातल्या गोळ्यांच्या पट्टीवर ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिपिझाइड लिहिलंय का ते आज बघा. लिहिलं असेल किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण टाळण्याआधी डॉक्टरला फोन करा. काकूने केला नव्हता.