लुकाला विकला तिथेच सीझन संपला

काल कट्ट्यावर परत मॅव्हरिक्सवरून पेटलं, म्हणजे NBA मधली डॅलसची बास्केटबॉल टीम, जिने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपला स्टार लुका डॉन्चिच लेकर्सला देऊन अँथनी डेव्हिस घेतला. वकील (कायद्याचं पुस्तक कधी उघडलं नाही, वाद मात्र कुणाचाही अंगावर घेतो) आला तोच बोट वर करून, "सीझन इंज्युरीने घालवला, ट्रेडने नाही! डेव्हिस पहिल्याच मॅचला २६ पॉइंट, १६ रिबाउंड काढून जखमी झाला, महिन्याभरात टीमचा दुसरा स्टार कायरीचा गुडघा गेला, आता यात ट्रेड करणाऱ्या जनरल मॅनेजर निकोचा काय दोष? आणि डिफेन्सशिवाय चॅम्पियनशिप येत नाही." हे शेवटचं वाक्य दर दोन मिनिटांनी.

तात्या म्हणाला, "आदल्या वर्षी फायनल खेळलेली टीम ना रे ती? पंचविशीतला लुका दिला आणि एकतिशीचा, ट्रेडच्या दिवशीही दुखापतीने बाहेर बसलेला डेव्हिस घेतला. दुखणं स्वतः विकत आणायचं आणि वर नशिबाला रडायचं?"

मला तर ३ मार्चचा कायरी डोळ्यासमोरून जात नाही, धड उभं राहता येत नव्हतं, डोळ्यात पाणी, तरी दोन्ही फ्री थ्रो घातले आणि मगच आत गेला. आणि ९ एप्रिलला लुका डॅलसमध्ये परत आला तेव्हा त्याचा व्हिडिओ लावला, हा बेंचवर टॉवेलने डोळे पुसतोय, आणि नंतर त्यांनाच ४५ घातले! अख्खं स्टेडियम निकोला हाकला म्हणून ओरडत होतं. एवढा जीव लावणारं पब्लिक, आणि त्यांना शेवटी मिळालं काय तर ३९ विजय, ४३ पराभव आणि प्ले-इनमध्ये, म्हणजे प्लेऑफमध्ये शिरायच्या शेवटच्या संधीत, मेम्फिसकडून मार. खरंच वाईट वाटतं.

"पण ड्राफ्टमध्ये, नवे खेळाडू निवडताना, कूपर फ्लॅग मिळाला ना! लॉटरीत पहिला नंबर लागायचा १.८ टक्के चान्स होता फक्त!" वकील.

"लॉटरी लागली म्हणून घर फुंकणारा शहाणा ठरत नाही," तात्या. "नोव्हेंबरमध्ये निकोलाही काढलाच की."

इतका वेळ गप्प असलेला लंबू एकदम वकिलाकडे वळून, "निकोचं सोड, कॉलेजच्या फायनलला तू मला बाहेर का बसवलंस ते सांग आधी."

"प्रॅक्टिसला रोज लेट यायचास. शिस्त म्हणजे शिस्त."

"अरे बॉल तू रोज घरी विसरून यायचास आणि तो आणायला मलाच पाठवायचास, कॅप्टन!"

तात्या हसून हसून कट्ट्यावरून खाली यायचा बाकी होता. वकील पुढेही काहीतरी डिफेन्स डिफेन्स म्हणत होता, पण ऐकतंय कोण.