‘नवं कटर आहे, रुळेल हळूहळू’ म्हणणाऱ्यांना उत्तर

पाऊस तोंडावर आला की आमच्या दापोलीकडे झाडं कापायच्या पेट्रोल मशीनचे आवाज सुरू होतात, आणि त्याच सुमारास व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरू लागतो. यंदा तो मला चार ग्रुपवर आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नवीन चेनसॉ कधी सुरू होते, कधी होत नाही, यात घाबरण्यासारखं काही नाही, इंजिन रुळायला दहा-बारा टाक्या जातात. तोवर चोक (हवा अडवून पेट्रोल जास्त ओढायला लावणारी कळ) पूर्ण ओढून दोरी मारत राहा, पेट्रोलमध्ये ऑइल दुप्पट घाला, कार्बोरेटरचे स्क्रू अर्धा फेरा आवळा, आणि तरी नाहीच झाली तर प्लगच्या भोकात झाकणभर पेट्रोल ओता.

जून २०२० मध्ये निसर्ग वादळानं माड, पोफळी, आंब्याची कलमं आडवी केली. त्यानंतर आमच्या वाडीत पाच मशिनं आली. त्यातली दोन असल्याच सल्ल्यांनी बाद झाली. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट रुळण्याची. यात खरं आहे ते एवढंच, की नव्या इंजिनाच्या रिंगा घट्ट असतात आणि पहिल्याच दिवशी टाकी-नळ्या कोरड्या असल्यामुळे पेट्रोल वर चढेपर्यंत दोऱ्या जास्त माराव्या लागतात. पण एकदा चालू होऊन बंद केलेलं मशीन दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस दोऱ्यांनी हलत नसेल, तर तो रुळण्याचा प्रश्न नाही. काहीतरी चुकतंय, आणि रुळायची वाट बघता बघता वॉरंटी संपते.

चोकबद्दलचा सल्ला सगळ्यात जास्त नुकसान करतो. थंड मशीन सुरू करताना चोक लागतोच. चेनचा ब्रेक पुढे ढकलायचा, मशीन जमिनीवर ठेवून मागच्या मुठीत पाय रोवायचा, रबरी फुगा असेल तर त्यात पेट्रोल दिसेपर्यंत दाबायचा, चोक पूर्ण लावायचा आणि दोरी मारायची. तिसऱ्या-चौथ्या दोरीला इंजिन एकदाच ‘फट्’ करून गप्प होतं. तोच इशारा. त्याच क्षणी चोक अर्ध्यावर आणायचा. पुढच्या एक-दोन दोऱ्यांत मशीन धरतं. हा आवाज बारीक असतो, बाजूला कोणी बोलत असलं तरी निसटतो. मग माणूस पूर्ण चोकवरच ओढत राहतो आणि मशीन ओव्हर होतं, म्हणजे आत पेट्रोल साचतं. आमचे तात्या घामाघूम होऊन मला म्हणाले होते, “अरे, चाळीस दोऱ्या मारल्या, आता हात वर होत नाही.” प्लग काढून बघितला तर टोकावरून पेट्रोलचा थेंब ओघळत होता.

अशा वेळी स्विच बंद करायचा, प्लग काढून कोरडा पुसायचा, चोक उघडायचा, प्लगचं भोक खाली येईल असं मशीन कलतं करून आठ-दहा दोऱ्या मारायच्या. आतलं पेट्रोल तुषारासारखं बाहेर येतं, म्हणून तोंड लांब ठेवा आणि आसपास विडी-काडी नको. दहा मिनिटं थांबून प्लग बसवायचा आणि चोक न लावता सुरू करायचं. तात्यांचं दुसऱ्या दोरीला झालं.

दुप्पट ऑइलनं पिस्टन वाचतो, असं मजकुरात ठासून लिहिलंय. मशीनच्या पुस्तकात ऑइल-पेट्रोलचं प्रमाण १:५० लिहिलं असेल तर लिटरला २० मिली, १:२५ असेल तर ४० मिली. त्यापेक्षा जास्त घातलं की प्लगवर काजळी धरते, सायलेन्सरची जाळी तुंबते. शिवाय तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी पडतं.

पेट्रोलबद्दल मात्र मजकुरात अवाक्षर नाही, आणि माझ्या अनुभवात निम्मी दुखणी तिथेच असतात. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणातल्या जून-जुलैच्या हवेत त्याला पाण्याची काय कमी? पाणी फार झालं की इथेनॉल ते घेऊन तळाला बसतं. टाकीतल्या नळीच्या टोकाला वजनदार फिल्टर असतो, तोही तळालाच पडलेला. म्हणजे इंजिन सगळ्यात आधी तेच पाणचट मिश्रण ओढतं. संशय आला तर टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर न हलवता ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते वापरू नका. मी आठवड्याला पुरेल एवढंच मिश्रण करतो, कॅनला तारखेची चिठ्ठी चिकटवतो आणि काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवतो.

कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे. ‘एल’ आणि ‘एच’ हे दोन स्क्रू पेट्रोलचं प्रमाण ठरवतात. असल्या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच मिळतं. ‘एच’ आवळला की पेट्रोल कमी, वंगणही कमी आणि फेरे मात्र मिनिटाला दहा हजारांच्या वर. बाद झालेल्या दोनांपैकी एकाचा पिस्टन असाच जाम झाला. बाहेर काढला तेव्हा त्यावर नखाला लागतील असे उभे ओरखडे होते. प्लगच्या भोकात पेट्रोल ओतणंही तसंच: सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा पातळ थर धुऊन जातो, आणि सांडलेल्या पेट्रोलनं भडका उडायची भीती वेगळी.

खरी खराबी ओळखायची तर मशीन कुठल्या वेळी रुसतं ते बघा. थंड असताना सुरू होतं, पाच-दहा मिनिटांनी मरतं, पण टाकीचं झाकण किंचित सैल करताच ‘फुस्स’ होऊन पुन्हा चालतं, तर टाकीला हवा देणारा व्हेंट तुंबलाय. गरम झाल्यावर चोक न लावताही सुरू होत नाही, ठिणगी दिसत नाही आणि गार झाल्यावर आपोआप बरं होतं, तर ठिणगी देणाऱ्या कॉइलवर संशय घ्या. प्लगची टोपी नीट बसलीय ना, स्विचची वायर सैल नाही ना, हे आधी बघा. नव्या मशीनमध्ये हेही सापडतं.

कॉइल किंवा व्हेंट निघाला तर ती दुरुस्ती आपल्या खिशातून करायची नाही. मशीन सुरू होत नसतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, तारखेसह बिल जवळ ठेवा आणि काहीही न उघडता दुकानात न्या. मला दुकानदारानं “चालवत राहा” म्हणून दोनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्या खेपेला व्हिडिओ दाखवला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार करतो म्हणालो, तेव्हा त्यानं काउंटरवरच कॉइल बदलून दिली.