औशाच्या वाचकाला उत्तर: फुफाटा, बोअरचं पाणी आणि गाडीवरचे ठिपके

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'घरीच गाडी धुवा' या माझ्या लेखावर तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं दारात गाड्या धुवायला शिकवणं शोभत नाही. रोज सकाळी कोरडं फडकं मारलं की गाडी स्वच्छच राहते. आणि मी सांगितलं तसं एकदा धुऊन पाहिलं, तर तुमच्या काळ्या गाडीवर पांढरे ठिपके उमटले, ते काही केल्या जाईनात. पहिल्या आणि तिसऱ्या बाबतीत माझा लेख कमी पडला. दुसरं मात्र मला पटत नाही.

आधी पाण्याचं. मी तेव्हा लातुरातच होतो. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात माझ्या गाडीला पाणी मिळालं ते समोरच्या काचेपुरतं, तेही तांब्याभर. हे सगळं पाहिलेल्या माणसानं लेखात लिटरचा आकडा द्यायला हवा होता. तो आता देतो. आमच्या नळाला पाइप लावला की पंधरा लिटरची बादली एका मिनिटात भरते. वीस मिनिटं पाइप चालू ठेवून गाडी धुतली तर तीनशे लिटर गेले. दोन बादल्या घेऊन धुतो तेव्हा तीस लिटरमध्ये भागतं. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. पुसणं दर वेळी आधी साध्या पाण्यात पिळायचं, मगच शाम्पूत बुडवायचं. बादली स्वतः उचलून आणावी लागते, म्हणून हात आपोआप आखडता राहतो. टँकर सुरू झाले की तेही बंद करायचं. काचा, दिवे, नंबर प्लेट आणि आरसे पुसायचे, बास. यात आपलं दुमत नाही.

आता कोरडं फडकं. आपल्याकडची धूळ म्हणजे नुसती माती नाही. रानातून आलेला काळ्या मातीचा फुफाटा मऊ लागतो, पण रस्त्यावरचा मुरूम आणि क्रशरची भुकटी हा बेसाल्टचा चुरा आहे. त्यातले कण काचेइतके कठीण असतात, आणि गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर त्यांच्यापुढे फारच मऊ. कोरडं फडकं फिरवलं की ते कण रंगावर घासत जातात. सकाळच्या तिरप्या उन्हात बॉनेटकडे बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतील. काळ्या गाडीवर तर लपतच नाहीत. फडकं मारायचंच असेल तर आधी फवाऱ्यानं पाणी मारून धूळ भिजू द्या, मग मायक्रोफायबरचं कापड न दाबता एकाच दिशेनं ओढा आणि दर वेळी घडी बदला. जुनं बनियन नको, त्याची शिवण टोचते.

ठिपक्यांचा दोष माझ्याकडे येतो. धुण्याबद्दल मी पानभर लिहिलं आणि कोरडं करण्याबद्दल एक ओळ. बोअरचं पाणी खडकातून येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. थेंब वाळला की पाणी उडून जातं, क्षार तिथंच बसतात. नळाच्या तोंडाशी आणि गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो, तोच हा. म्हणून ऊन चढायच्या आत, सावलीत, बॉनेट थंड असताना धुवा. एक दार धुतलं की लगेच ते कोरडं करा, मगच पुढचं.

शेवटच्या हाताला पावसाचं साठवलेलं पाणी मिळालं तर उत्तम. एसीच्या नळीतून गळणारं पाणीही चालतं. ते हवेतल्या बाष्पाचं झालेलं असल्यामुळे त्यात क्षार जवळपास नसतात. एप्रिलच्या कोरड्या हवेत ते फार जमत नाही, पावसाळी दमट रात्री बरंच मिळतं. कूलरच्या टाकीतलं पाणी मात्र गाडीला लावू नका. पाणी उडत जातं तसे त्यात क्षार दाट होत जातात. घरच्या फिल्टरमधून वाया जाणाऱ्या पाण्याचंही तेच. मलाही ते फेकताना जीव तुटतो, पण ते फरशी पुसायला ठेवा.

तुमच्या ठिपक्यांसाठी पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करा. आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात लावून बघा. कापड त्यात भिजवून ठिपक्यांवर मिनिटभर ठेवा, हलकं पुसा, लगेच साध्या पाण्यानं धुवा आणि कोरडं करा. उन्हात किंवा तापलेल्या पत्र्यावर हे करू नका. दोनदा करूनही ठिपका राहिला तर क्षारानं वरचा थर खाल्लेला आहे, तिथं घासणी कामाची नाही. चांगल्या माणसाकडून पॉलिश करून घ्यावं लागेल.

मूळ लेखात पाइपबद्दलचं वाक्य आज काढलं, लिटरचा हिशोब आणि कोरडं करण्याचा भाग घातला. व्हिनेगर लावून झालं की काय फरक पडला ते इथंच कळवा.