टोमॅटोचं बूड काळं पडलं म्हणून अंड्याची टरफलं?

उन्हाळा आला की ‘गच्चीवरच्या बागेचे रामबाण उपाय’ हा फॉरवर्ड हमखास फिरतो. टोमॅटोचं बूड काळं पडलं तर अंड्याची टरफलं घाला, दर आठवड्याला एप्सम सॉल्ट द्या, केळ्याच्या सालींचं पाणी पाजा, तोडलेले टोमॅटो लगेच फ्रीजमध्ये टाका, कांदे-बटाटे एका टोपलीत ठेवा.

आधी टरफलं. फळाच्या टोकाला कॅल्शियम कमी पडतं म्हणून बूड काळं होतं, इथवर फॉरवर्ड बरोबर. पण मातीत कॅल्शियम नसतंच असं नाही. ते पाण्याबरोबर वर चढतं आणि जास्त पाणी ओढणाऱ्या पानांकडे आधी जातं. कुंडी दोन दिवस ठणठणीत कोरडी, तिसऱ्या दिवशी तुडुंब, असं चाललं की फळाचा वाटा हुकतो. त्यात टरफल विरघळायला आम्ल लागतं, आणि देशावरची काळी माती बहुतेक चुनखडीची, सामू (pH) 7 च्या वर, म्हणजे आम्लाच्या उलट. पुढच्या हंगामात कुंडी उकरली की टरफलाचे तुकडे तसेच हाताला लागतात. बेताचं, नियमित पाणी आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन, एवढं पुरतं. डागाळलेलं फळ सुधारत नाही, ते खुडून टाका.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम जास्त झालं की मुळांना कॅल्शियम घेणं जड जातं. म्हणजे फॉरवर्डचा दुसरा उपाय पहिल्याच्याच मुळावर उठलेला!

केळ्याच्या सालीत पालाश (पोटॅशियम) आहे, नत्र (नायट्रोजन) नावापुरतं. साली कंपोस्टमध्ये घाला. भिजवलेल्या पाण्यावर चिलटंच जास्त पोसली जातात.

टोमॅटो फ्रीजमध्ये पिकत नाही, आणि 12 अंशांच्या खाली त्याचा वास-स्वादही उतरतो. रंग धरायला लागलेलं फळ तोडून घरात टोपलीत ठेवा. पिकायला ऊन लागत नाही. उलट 30 अंशांच्या वर लाल रंग नीट धरत नाही, म्हणून मे महिन्यात झाडावरची फळं पिवळट-नारिंगीच राहतात. पूर्ण पिकलेला आणि दोन दिवसांत संपणार नाही असा टोमॅटो मात्र खुशाल फ्रीजमध्ये ठेवा.

कांदे-बटाट्यांचा सल्ला सगळ्यात महागात पडणारा. बटाट्याला अंधार हवा, नाहीतर तो हिरवा पडतो आणि त्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढतं. कांद्याला खेळती हवा हवी. बटाट्याच्या ओलीने तो सडतो. बरं, कांदा किती टिकणार हे टोपलीच्या आधीच ठरलेलं असतं. निम्म्याहून जास्त पातीच्या माना पडल्या की काढणी करायची, त्याआधी काही दिवस पाणी तोडायचं. काढलेला कांदा पातीसकट सुकवायचा, पात अशी पसरायची की कांद्यावर थेट ऊन येणार नाही. मान पिळल्यासारखी वाळली की दोन-तीन सेंटिमीटर ठेवून पात कापायची. जाड मानेचे, जोड आणि डेंगळे (फुलांचे दांडे) आलेले कांदे वेगळे काढून आधी वापरा. आणि कुंडीत पावसाळी लाल कांदा लावला असेल तर साठवणीच्या भानगडीत पडूच नका. टिकतो तो उन्हाळ कांदा.