'बेजबाबदार' म्हणणाऱ्या फार्मासिस्टसाहेबांना

'एक फार्मासिस्ट' या नावाने आलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शुगरच्या गोळ्यांवरच्या लेखात मी लिहिलं होतं, 'पाकिटावर एसआर, एक्सआर किंवा एमआर असेल तर ती गोळी कधीच तोडायची नाही.' (ही अक्षरं म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी.) साहेबांचं म्हणणं, हे चूक आहे, ग्लिक्लाझाइड एमआर 60 अर्धी करता येते. शिवाय किडनीबद्दल लेखात अवाक्षर नाही, शौचातून पडणाऱ्या गोळीचा किस्सा 'घाबरवण्यापुरता' आहे, आणि 'वैद्यकीय शिक्षण नसताना असं सरसकट लिहिणं बेजबाबदारपणाचं आहे.'

बेजबाबदार! अहो, 'ताई, एवढं दुरुस्त करा' म्हटलं असतं तरी मी केलंच असतं. स्वतःचं नाव लिहायचं नाही आणि दुसऱ्याची जबाबदारी काढायची, ही कुठली रीत?

ग्लिक्लाझाइडचं मान्य. खाच असलेली 60 ची एमआर गोळी त्या खाचेवर मोडून 30 चा डोस घेता येतो. पण तो अर्धा तुकडासुद्धा चावायचा किंवा कुटायचा नसतो, हे तुम्ही लिहिलं नाहीत. फार्मासिस्ट असून.

आता तो 'कधीच' कुठून आला ते ऐका. माझ्या सासऱ्यांना मेटफॉर्मिन एसआर 1000 चालू होती, रात्रीच्या जेवणाबरोबर एक. गोळी केवढी मोठी असते ते घेणाऱ्यांना ठाऊक आहे. अर्धांगवायूनंतर त्यांना ती गिळेना. मग मी, दुसऱ्या कोणी नाही, ती खलबत्त्यात कुटून मऊ भातातून भरवायला लागले. पाचव्या दिवशी जुलाब, उलट्या, सलाईन. ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न होता, "गोळी कुटून देताय का?" ज्या दुकानातून आम्ही दोन वर्षं औषधं घेत होतो तिथे गिळायला त्रास होतो हे मी सांगितलेलं होतं. तिथे हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. तुमच्याच पेशातले होते ते.

बाईंनीच मला समजावलं. एसआर गोळी पोटात भिजून फुगते, जेलीसारखी होते आणि औषध तिच्यातून झिरपत राहतं. साध्या मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण साधारण अडीच तासांत सर्वांत वर जातं, एसआरचं सातेक तासांनी. कुटली की ती जेली धरतच नाही, सबंध दिवसाचे 1000 मिलिग्रॅम एकदम सुटतात. मग त्यांनी साधी 500 ची गोळी दोन्ही जेवणांबरोबर लिहून दिली. ती कुटली तरी चालते. एवढा साधा उपाय, पण तो कळायला सलाईन लागावी लागली.

म्हणून माझा लेख वाचणाऱ्या सुनेला मी 'खाच बघा, मग ठरवा' असं सांगणार नाही. खाच दिसली म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. आधी विचारायचं.

आणि तो किस्सा घाबरवण्यापुरता नाही. शेजारच्या काकूंना शौचात गोळीसारखं काहीतरी दिसलं, गोळी पडून गेली असं वाटून त्यांनी दुसरी घेतली. औषध अंगात गेलेलं असतं, दिसतं ते नुसतं रिकामं टरफल. हे त्यांना आधी कोणी सांगितलं असतं तर डबल डोस झाला नसता.

किडनीचं म्हणाल तर लेखाचा विषय तो नव्हताच. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, 30 च्या खाली गेला की मेटफॉर्मिन देत नाहीत, 45 च्या खाली डोसचा फेरविचार करतात. ते रिपोर्ट बघणाऱ्या डॉक्टरांचं काम. तुम्हाला सविस्तर लिहायचं असेल तर जरूर लिहा, स्वतःच्या ब्लॉगवर.

मूळ लेखातलं वाक्य आज बदललं आहे, 'कधीच' च्या जागी 'डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारल्याशिवाय' घातलंय. तुमची प्रतिक्रिया मात्र आहे तशीच ठेवली आहे, 'बेजबाबदार' सकट.